गंधर्वनगरातली नोकरी

थीम पार्कविषयी माणसाला दोन प्रकारच्या इच्छा होतात. एकदा तिथे जाऊन यावे, ही पहिली. पैसे साठवले आणि रजा मिळाली की ती पुरी होते, आणि तत्त्वज्ञाने तिच्यात डोके घालावे असे फारसे काही नसते. दुसरी इच्छा विरळ आणि जरा चमत्कारिक आहे: तिथे नोकरी करावी. लहानपणी एकदाच पाहिलेल्या, किंवा नुसत्या चित्रांतून आणि पडद्यावरून ओळखीच्या झालेल्या त्या परदेशी नगरीत पाहुणे म्हणून जायचे नाही, तिथले होऊन वावरायचे, हे स्वप्न उराशी धरून वाढलेली माणसे अनेक देशांत आढळतात. हे वेड मिसरूड फुटताना गळून पडत नाही. कोणती भाषा शिकायची, कोणता अभ्यासक्रम घ्यायचा, कोणत्या मुलाखतीला किती वेळा बसायचे, हे सगळे त्याच्यापायी ठरते. जिथे लोक काम विसरायला जातात तिथे काम करायला जाण्याची ही ओढ आहे. अशा ओढीला धर्मविचाराने कुठे बसवावे, हा प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही.

हे स्वप्न सर्वांत जास्त एकवटले आहे ते अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डभोवती. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम गावी पहिले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले. वॉल्ट डिस्ने १९६६ साली वारले. फ्लॉरिडातले मॅजिक किंगडम त्यानंतर, १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले आणि बरोबर ११ वर्षांनी, १९८२ सालच्या त्याच तारखेला शेजारी एप्कॉट उभे राहिले. एप्कॉटमधल्या एका तळ्याच्या काठाने ११ देशांची दालने मांडली आहेत: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा. भारताचे दालन त्यांत नाही. जवळच्या ॲनिमल किंगडम या उद्यानाच्या आशिया विभागात मात्र ‘आनंदपूर’ नावाचे एक राज्य आहे, आणि ते संपूर्ण काल्पनिक आहे.

दालन ज्या देशाचे, तिथली माणसे त्याच देशातून आणलेली असावीत, अशी या रचनेमागची कल्पना आहे. अमेरिकेने १९९० सालच्या स्थलांतर कायद्यात सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी ‘क्यू’ नावाचा व्हिसा निर्माण केला. डिस्नेने त्याचा एवढा उपयोग केला की बोलण्यात त्याला ‘डिस्ने व्हिसा’ म्हणू लागले. त्याची मुदत जास्तीत जास्त १५ महिने. ती संपली की निदान एक वर्ष अमेरिकेबाहेर काढल्याखेरीज तो पुन्हा मिळत नाही. या १५ महिन्यांसाठी ओस्लोची मुलगी फ्लॉरिडात येऊन नॉर्वेचा पारंपरिक घाटाचा पोशाख चढवते आणि नॉर्वेच्या दालनात नॉर्वेची म्हणून उभी राहते. छातीवरच्या बिल्ल्यावर तिचे पहिले नाव आणि गाव लिहिलेले असते. आडनावाला तिथे जागा नाही.

या नगरीची भाषाही सगळी रंगभूमीवरून उचललेली आहे. नोकर म्हणजे ‘कास्ट मेंबर’, म्हणजे नाटकातले पात्र. गिऱ्हाईक म्हणजे ‘गेस्ट’. गणवेशाला ‘कॉस्च्युम’ म्हणायचे. लोकांसमोर असणे म्हणजे ‘ऑनस्टेज’ आणि आडोशाला गेले की ‘बॅकस्टेज’. मिकी माउसच्या मुखवट्यात घाम गाळणारा माणूस ‘मी मिकीचे काम करतो’ असे म्हणत नाही. ‘माझी मिकीशी मैत्री आहे’ असे सांगण्याचा तिथे रिवाज आहे. मॅजिक किंगडमच्या खाली कामगारांच्या ये-जा करण्याचे रस्ते आहेत. त्यांना बोगदे म्हणतात, पण ते बोगदे नव्हेत. फ्लॉरिडात जमिनीखाली थोड्याच अंतरावर पाणी लागते, म्हणून हे रस्ते जमिनीच्या पातळीवर बांधले आणि समोरचे तळे खोदताना निघालेली माती त्यांच्याभोवती टाकून वर नगरी वसवली. पाहुणे ज्याला जमीन समजून चालतात, तो वस्तुतः वरचा मजला आहे. मायावादाच्या अभ्यासकाला याहून सोयीचा दृष्टांत क्वचितच मिळेल.

मायावाद्यांचा स्वतःचा दृष्टांतही याच जातीचा आहे. गौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकांत जगाला स्वप्नाची आणि गंधर्वनगराची उपमा दिली. आकाशात क्षणभर दिसणारे, नसलेले शहर म्हणजे गंधर्वनगर. शंकराचार्य त्यावर भाष्य करताना त्या शहराचे वर्णन करतात: माल मांडलेली दुकाने, घरे, वाडे, स्त्री-पुरुषांचा गजबजलेला व्यवहार, आणि पाहता पाहता सगळे नाहीसे. दुकानात मांडलेल्या मालाचा उल्लेख मुद्दाम लक्षात ठेवावा. मॅजिक किंगडममध्ये शिरताच लागतो तो रस्ता दुकानांचाच आहे. मात्र या दृष्टांतात एक गोष्ट अध्याहृत राहते. नगर खोटे म्हटले तरी नाव गंधर्वांचे आहे, आणि गंधर्व हे काही तिथले प्रवासी नव्हेत. ते गाणारे-वाजवणारे, म्हणजे तिथले कामकरी.

हीच पोकळी कठोपनिषदातही आहे. नचिकेताने मृत्यूनंतरचे रहस्य विचारले तेव्हा यमाने त्याला वाटेला लावण्यासाठी हत्ती-घोडे, सोने, दीर्घायुष्य असे सगळे देऊ केले. शेवटी रथांत बसलेल्या, वाद्ये घेतलेल्या, मर्त्यांना दुर्लभ अशा स्त्रियाही देऊ केल्या. हे सारे उद्यापुरते आहे, इंद्रियांचे तेज झिजवणारे आहे, रथ आणि नाचगाणे तुझे तुलाच राहू दे, असे सांगून त्या पोराने ते परत केले. मग यमाने श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगितला. हिताचे ते श्रेय, गोड वाटणारे ते प्रेय; दोन्ही माणसासमोर येतात आणि शहाणा पहिले निवडतो. थीम पार्क हे प्रेयाचे अगदी शुद्ध रूप आहे. पोटासाठी, निवाऱ्यासाठी किंवा ज्ञानासाठी तिथे कुणी जात नाही. नचिकेत तिथल्या दाराशी आला असता तर तिकीट न काढता परतला असता, यात शंका नाही.

पण रथांतल्या त्या वाद्यवाल्या स्त्रियांचे काय? नचिकेताच्या दृष्टीने त्या भोगाच्या वस्तू आहेत. तो त्यांना नाकारतो आणि उपनिषद पुढे जाते. त्यांच्या बाजूने पाहिले तर त्या कामावर आहेत. त्यांनी वाद्य शिकायला वर्षे घातली असतील. घेणाऱ्याच्या हातात जे प्रेय आहे, ते देणाऱ्याच्या हातात असताना काय असते? थीम पार्कमध्ये राबण्याचे स्वप्न पाहणाऱ्या माणसाने नकळत विचारलेला प्रश्न हाच आहे, आणि श्रेय-प्रेयाची प्रचलित मांडणी त्याला सरळ उत्तर देत नाही.

पाश्चात्त्य टीकाकारांचा रोख वेगळा होता. उम्बेर्तो एको यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत हिंडून, अस्सलापेक्षा सरस वाटणाऱ्या नकलेच्या हव्यासावर लिहिले. झाँ बोद्रियार यांनी १९८१ साली त्याहून पुढचे पाऊल टाकले. डिस्नेलँड हे काल्पनिक म्हणून वेगळे काढायचे ते एवढ्यासाठी, की कुंपणाबाहेरची अमेरिका खरी आहे असा समज टिकावा; वास्तविक ती उरलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही विचार तीक्ष्ण आहेत. पण दोन्ही विचारवंत कुंपणाच्या आत पाहुणे म्हणूनच हिंडले. नकली किल्ल्याच्या झाडलोटीचा झाडू मात्र खरा असतो, आणि झाडणाऱ्याच्या खांद्याला लागणारी रगही.

स्वप्नाळू उमेदवाराच्या बाजूने बोलणारा युक्तिवाद रॉबर्ट नोझिक यांच्याकडे सापडतो, तोही त्यांनी वेगळ्या कारणासाठी रचलेला. १९७४ साली त्यांनी एका यंत्राची कल्पना मांडली. मेंदूला जोडून घेतले की हवा तो अनुभव देणारे हे यंत्र आहे. आयुष्यभर त्याला जोडून घ्याल का, असे विचारल्यावर बहुतेक माणसे कचरतात, असे नोझिक म्हणतात. कारण माणसाला अनुभव नुसता घ्यायचा नसतो. काही करायचे असते, कुणीतरी व्हायचे असते. ही कसोटी लावली तर तिकीट काढणारा यंत्राला जोडून घेणाऱ्याच्या जवळ जातो, आणि नोकरी मागणारा त्याच्यापासून दूर सरतो. त्याला अनुभव आधीच मिळालेला आहे किंवा त्याने तो कल्पनेत पुरेपूर घेतलेला आहे. आता तो ज्या हातांनी दिला त्या हातांत त्याला जाऊन बसायचे आहे. याला पलायन म्हणणे अन्यायाचे होईल. पळणारा माणूस पडद्याच्या पुढे थांबतो. पडद्यामागच्या दोऱ्या हाती घेण्याची त्याला गरज नसते.

इथवर स्वप्नाची बाजू भक्कम दिसते. खरी अडचण दोऱ्या हाती आल्यावर सुरू होते, कारण या नगरीतली मुख्य दोरी म्हणजे कामकऱ्याचा चेहरा.

ज्याँ-पॉल सार्त्र यांनी १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात कॅफेतल्या एका वेटरचे वर्णन केले आहे. त्याची चाल जरा जास्तच चपळ आहे, वाकणे जरा जास्तच तत्पर. तो वेटर असण्याचा खेळ खेळतो आहे. आपण म्हणजे आपली भूमिका, दुसरे काही नाही, असे स्वतःला पटवण्याच्या या खटपटीला सार्त्र आत्मवंचना मानतात. एप्कॉटमधल्या ओस्लोच्या मुलीचा पेच याहून अवघड आहे. वेटर संध्याकाळी घरी जाऊन वेटर राहत नाही. तिला मात्र नॉर्वेची असण्याचा खेळ खेळायचा आहे, आणि ती नॉर्वेचीच आहे. घरी असताना जी गोष्ट तिने कधी विचारपूर्वक केली नव्हती, तीच आता पोशाख चढवून दिवसातून कित्येक तास करायची आहे. स्वतःचीच भूमिका वठवणाऱ्या माणसाची भूमिका संपते कुठे, हे सार्त्र यांच्या दृष्टांतातून समजत नाही.

भारतीय नाट्यविचाराने या जागेवर फार बारकाईने पाहिले आहे. नाट्यशास्त्राच्या आरंभीच्या कथेत देव ब्रह्मदेवाकडे जातात ते पाहता येईल, ऐकता येईल असे खेळणे मागायला. नाट्याचा जन्म खेळण्याच्या मागणीतून झाला आहे, आणि ते खेळणे भरतमुनींनी चालवून दाखवले. मग नट जे निर्माण करतो त्याचा स्वाद त्याला मिळतो का? अभिनवगुप्ताचे उत्तर प्रसिद्ध आहे. नटाला ‘पात्र’ म्हणतात ते सार्थ आहे, कारण भांड्यातले मद्य भांडे चाखत नाही. रस प्रेक्षकाचा, नट हा तो पोहोचवण्याचा उपाय. फ्रान्समध्ये दिद्रो यांनीही सुमारे आठ शतकांनंतर, थोर नट आतून थंड असतो, असे वेगळ्या वाटेने मांडले. हे मान्य केले तर स्वप्नाळू उमेदवाराला आधीच सांगायला हवे की, ज्या गोडीसाठी तू इथे येतोस ती इथे आल्यावर तुझ्या वाट्याला नाही.

आणि भांडे गळले तर? कालिदासाच्या विक्रमोर्वशीय नाटकात स्वर्गातल्या एका प्रयोगाची हकीकत येते. भरतमुनींनी बसवलेल्या लक्ष्मीस्वयंवरात लक्ष्मीचे काम उर्वशीकडे होते. तुझे मन कुणावर जडले आहे, असे विचारल्यावर ‘पुरुषोत्तम’ म्हणायचे, तर तिच्या तोंडून ‘पुरूरवा’ निघाले. भरतमुनींनी तिला स्वर्गातून खाली जाण्याचा शाप दिला. इंद्राने तो सौम्य केला. (मेघदूतातला यक्षही कामातल्या हयगयीपायीच वर्षभर रामगिरीवर येऊन पडला आहे. स्वर्गीय नोकरीतल्या चुकांचे कालिदासाला काही वेगळेच आकर्षण असावे.) उर्वशीने संवाद चुकवला एवढाच तिचा गुन्हा नव्हे. भूमिकेच्या तोंडून तिचे स्वतःचे मन बोलले. आनंदाच्या नगरीत हा गुन्हा सर्वांत मोठा, कारण तिथे कामकऱ्याला मन आहे हे पाहुण्याला कळता कामा नये.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली याच गोष्टीला आधुनिक नाव दिले: भावनिक श्रम. त्यांनी अभ्यास केला तो विमानातल्या परिचारिकांचा. हसणे हा ज्यांच्या कामाचा भाग आहे त्यांच्यापुढे दोन मार्ग असतात, असे त्या सांगतात. चेहरा हसवायचा आणि मन वेगळे ठेवायचे, हा एक. दुसरा मार्ग म्हणजे हसावेसे खरोखरच वाटेल असे मन घडवायचे. कंपन्यांना दुसरा मार्ग आवडतो. पण त्यात भावना ही धन्याच्या मालकीची वस्तू होऊ लागते आणि काही काळाने आपले हसू कोणते, नोकरीचे कोणते, हे माणसाला ओळखू येत नाही. अभिनवगुप्ताचा नट या धोक्यापासून बराच सुरक्षित आहे: त्याच्याकडे तालीम आहे, ठरलेली वेळ आहे, पडदा आहे. थीम पार्कमधल्या आइस्क्रीमच्या गाडीवर उभ्या असलेल्या पोराला पडदा नसतो. समोरच्या प्रेक्षकाला आपण प्रेक्षक आहोत हेच माहीत नसते. फ्लॉरिडाच्या ऑगस्टमधल्या उकाड्यात, रडणाऱ्या मुलाच्या वैतागलेल्या बापापुढे त्याला पात्र राहायचे असते.

इथे कुणी गीतेचा निष्काम कर्मयोग पुढे करेल. फळावर नजर न ठेवता कर्म करणाऱ्याला ते बांधत नाही, मग पाहुण्यांच्या आनंदासाठी राबणारा हा एक कर्मयोगीच नव्हे का? उत्तर देताना एक भेद सांभाळावा लागतो. फळाचा त्याग करायचा तो कर्म करणाऱ्याने. काम करवून घेणाऱ्याने तो दुसऱ्यावर लादायचा नसतो. ‘स्वप्न जगायला मिळते आहे, मग पगाराचे काय एवढे’ हा सूर स्वप्नाच्या धंद्यात सहज लागतो, आणि तो अध्यात्माचा सूर नव्हे. डिस्ने वर्ल्डमधल्या कामगार संघटनांनी २०१८ साली तासाला १५ डॉलरच्या किमान वेतनाचा टप्पेवारीचा करार मिळवला आणि २०२३ साली तो १८ डॉलरवर नेला. स्वप्न पाहत आलेली आणि पोटासाठी आलेली, दोन्ही प्रकारची माणसे त्या कराराच्या कक्षेत होती. फळाची मागणी केल्याने त्यांच्या कामातली गोडी कमी झाली असे म्हणायला काही आधार नाही.

राहिला प्रश्न मोहभंगाचा. स्वप्न पुरे झालेल्यांना सर्वांत जास्त विचारला जातो तो हाच: आतून पाहिल्यावर जादू उरते का? मिकीचे डोके खुंटीवर टांगलेले पाहिल्यावर? हा प्रश्न श्रद्धा म्हणजे अज्ञान, असे गृहीत धरतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात वर्षभर काम करणाऱ्याचे उदाहरण घेतले तर ते गृहीत डळमळते. माती कुठली, साचा कितवा, डोळ्यांची आखणी कुणाच्या हातची, हे त्याला ठाऊक असते; ओळीने ठेवलेल्या शेकडो बिनरंगी मूर्तींमधून तो चपला घालून हिंडतो. भाद्रपदातल्या चतुर्थीला तशाच एका मूर्तीची प्राणप्रतिष्ठा त्याच्या घरी होते आणि तो हात जोडतो. त्याने आपले ज्ञान बाजूला ठेवलेले नसते. मूर्तीत देव आहे तो मातीमुळे नव्हे, हे त्याला इतरांपेक्षा अधिक स्पष्ट माहीत असते. थीम पार्कमध्ये देव नाही, आणि करमणुकीला उपासनेचा मान देण्याचे कारणही नाही. पण ज्ञानाने भाव मरतोच असे नाही, एवढे या उदाहरणावरून दिसते. मुखवट्याच्या आतला माणूस आपण मिकी नाही हे जाणतो, आणि धावत आलेल्या पोराच्या गळामिठीत मिकी असतो, हेही तोच जाणतो. पोराला यातली अर्धीच गोष्ट माहीत असते. अभिनवगुप्ताच्या भांड्याला मद्याची चव लागत नसेल. ते पिणाऱ्याचा चेहरा मात्र सर्वांत जवळून त्यालाच दिसतो. कामकऱ्याच्या वाट्याला श्रेय म्हणण्याजोगे काही येत असेल, तर ते इथे.

ते येते, पण मुदतीने येते. पुण्य करून स्वर्गात गेलेले लोक पुण्य सरताच मर्त्यलोकात परततात, असे गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. भोगाच्या इच्छेने चालणाऱ्यांच्या वाट्याला येते ते ‘गतागत’, म्हणजे जाणे आणि येणे. १५ महिन्यांचा व्हिसा आणि मग सक्तीचे एक वर्ष, हे त्याचे कार्यालयीन भाषांतर वाटावे. कधी ती मुदतही पुरी होत नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे फ्लॉरिडातली उद्याने बंद झाली आणि परदेशांतून आलेल्या तरुणांना थोड्या दिवसांत खोल्या रिकाम्या करून घरी जावे लागले. शंकराचार्यांनी वर्णिलेले नगर असेच, माल मांडलेला असताना, नाहीसे होते. उद्याने त्याच वर्षी जुलैमध्ये उघडली, पण दालनांमध्ये त्या-त्या देशांची माणसे परतायला २०२२ उजाडले.

गीतेतला स्वर्ग आणि हे नगर यांत एक फरक आहे. स्वर्गातून परतलेल्याला तिथले काही आठवत नाही. इथून परतलेला मात्र पुढे केव्हातरी तिकीट काढून, मुलाचा हात धरून पुन्हा त्याच दारातून आत येतो. कुठल्या भिंतीत दार आहे, कुठल्या झुडपामागून वाट खाली उतरते, हे त्याला ठाऊक असते, आणि आइस्क्रीमच्या गाडीवरच्या पोराला बिल्ल्यावरच्या नावाने हाक मारणारा रांगेतला तो एकटाच असतो.